देश, काल आणि अर्थ : फिरत्या घराच्या विमाहप्त्याची जुनी कुळकथा

१/
१९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील मोटार प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने ‘टूरिंग लँडो’ नावाची गाडी मांडली. तिच्या मागच्या आसनाचा पलंग होत असे. चालकाच्या पाठीमागून हात धुण्याचे घडीचे कुंड उघडत असे आणि शौचपात्राचीही सोय होती. मोटरहोमच्या इतिहासातील अगदी आरंभीच्या गाड्यांत तिची गणना होते. या गाडीने प्रवाशांना नवे सुख दिले आणि विमा कंपन्यांसाठी मात्र एक नवा पेच मांडून ठेवला. ही वस्तू घर आहे की वाहन? आणि तिचा विमाहप्ता ठरवायचा कशावरून?

२/
हा पेच आजही टिकून आहे. एकाच कंपनीची, एकाच वर्षी बनलेली दोन मोटरहोम्स घ्या. एक वर्षातून दोन आठवडे बाहेर पडते व उरलेला काळ बंदिस्त जागेत उभी असते. दुसरीत एक कुटुंब बाराही महिने राहते आणि ती वादळांच्या किनाऱ्यावर उभी असते. दोघींच्या हप्त्यांत मोठी तफावत पडते. ही तफावत मनमानी वाटते, पण तिच्यामागे किमान दोन हजार वर्षांचा विचार आहे. त्यातील एक सूत्र तर थेट भारतीय धर्मशास्त्रात सापडते.

३/
मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कर्ज व व्याज यांचे विवेचन आहे. तेथे सागरी व्यापाराच्या संदर्भात एक मार्मिक नियम येतो. समुद्रप्रवासात कुशल असलेले, देश, काल आणि अर्थ जाणणारे लोक जो दर ठरवतील तोच ग्राह्य मानावा, असा त्याचा आशय आहे. देश म्हणजे प्रवास कुठे व कोणत्या वाटेने. काल म्हणजे कोणत्या ऋतूत व किती काळ. अर्थ म्हणजे मालाचे मोल आणि त्यातील लाभ-हानी. आजच्या विमा कंपनीचा कितीही लांबलचक अर्ज घेतला, तरी त्यातील बरेचसे प्रश्न या तीन शब्दांत मावतात.

४/
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर आकडेच दिले आहेत. शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज. व्यापारी व्यवहारात पाच पण. अरण्यमार्गाने जाणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस पण. रक्कम तीच, महिना तोच, बदलला तो केवळ मार्ग. रानात चोर व श्वापदे, समुद्रात वादळे. जितके भय अधिक, तितका दर अधिक. हा विमा नव्हे, हे कर्जावरील व्याज आहे. तथापि जोखमीला किंमत असते आणि ती मार्गानुसार बदलते, ही कल्पना येथे पूर्णपणे उमललेली दिसते.

५/
मात्र मनुस्मृतीच्या त्याच अध्यायात दुसराही एक दर सांगितला आहे. ब्राह्मणाकडून शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. येथे प्रवास, ऋतू किंवा माल यांचा विचार नाही. ऋणको कोणत्या कुळात जन्मला, एवढेच पाहिले जाते. एकाच अध्यायात किंमत ठरवण्याची दोन तत्त्वे अशी शेजारी शेजारी उभी आहेत. पहिले म्हणते, जोखीम पाहा. दुसरे म्हणते, माणसाचा जन्म पाहा. विमाहप्त्याचा पुढील सारा इतिहास म्हणजे या दोन तत्त्वांतील झगडा होय.

६/
मध्ययुगीन व आधुनिक काळाच्या सांध्यावर पश्चिम भारतातील पेढ्यांनी ‘जोखमी हुंडी’ रूढ केली. माल सुखरूप पोहोचला तरच या हुंडीचे पैसे देय होत. बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदावर नांदत. ‘विमा’ हा शब्द भय या अर्थाच्या फारसी ‘बीम’शी जोडला जातो, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कालाचे महत्त्व तर कोकण किनाऱ्याला वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात बंदरे ओस पडत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच गलबते पुन्हा पाण्यात उतरत. भयाचा ऋतू आणि व्यापाराचा ऋतू असे वेगळे होते.

७/
फिरत्या घराच्या विम्याचे एक मूळ समुद्रात आहे, तर दुसरे आगीत. १६६६च्या आगीत लंडन शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. त्यानंतर १६८०च्या सुमारास निकोलस बारबन याने घरांचा आगीचा विमा सुरू केला. त्याचा दर साधा होता. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी घराला पाच टक्के. लाकूड लवकर पेटते, म्हणून दर दुप्पट. वस्तू कशाची बनली आहे यावरून हप्ता ठरतो, हे तत्त्व येथे पक्के झाले. मोटरहोमची बांधणी, आतील गॅसची शेगडी, विजेची जोडणी यांविषयी आज जी चौकशी होते, तिचे हे पूर्वरूप.

८/
त्याच लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांचे विमे उतरवणारे लोक जमत. जहाज न पाहता त्याची जोखीम कशी जोखावी, ही त्यांची अडचण होती. म्हणून १७६० साली जहाजांची नोंदवही ठेवणारी संस्था स्थापन झाली. सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशी उतरती श्रेणी आणि दोर, नांगर आदी साहित्याला वेगळी श्रेणी. पुढे साहित्याची श्रेणी अंकांनी दाखवू लागले. सांगाडा ‘ए’ आणि साहित्य ‘१’ असलेले जहाज सर्वोत्तम. चहाच्या टपरीवर आपण सहज म्हणतो तो ‘एवन’ शब्द मुळात जहाजाच्या विमायोग्यतेचा शेरा आहे!

९/
आता ‘अर्थ’, म्हणजे वस्तूचे मोल. हे चुकीचे धरले तर काय अनर्थ होतो, हे एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनने पाहिले. काही जहाजमालक जुनाट जहाजे ओव्हरलोड करून समुद्रात धाडत आणि त्यांचा विमा खऱ्या किमतीपेक्षा अधिक रकमेचा उतरवत. जहाज पोहोचले तर नफा, बुडाले तर विमा. मधल्यामध्ये बुडत ते खलाशी. अशा जहाजांना ‘शवपेटी जहाजे’ म्हणत. खासदार सॅम्युएल प्लिमसॉल याने १८७३ साली पुस्तक लिहून या प्रकाराला वाचा फोडली. १८७६च्या कायद्याने जहाजांवर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. आजही तिला प्लिमसॉल रेषा म्हणतात.

१०/
या अनुभवाचा धडा आजच्या पॉलिसीत मुरलेला आहे. विम्याने नुकसान भरून निघावे, नफा होऊ नये. म्हणूनच साधारण पॉलिसी गाडीची नवी किंमत देत नाही, घसारा वजा करून देते. अमेरिकेत मोटरहोमच्या मालकाला दुसरा पर्यायही मिळतो. गाडीचे मूल्य आधीच उभयपक्षी मान्य करून घ्यायचे व त्यासाठी अधिक हप्ता भरायचा. हौसेने आतून सजवलेल्या जुन्या गाडीला हाच पर्याय सोयीचा पडतो, कारण बाजारभावात तिची खरी किंमत उमटत नाही. नुकसानीतील पहिली काही रक्कम मालकाने स्वतः सोसण्याचे कबूल केले, तर हप्ता उतरतो. मालकाच्या खिशाला थोडी झळ लागणार असेल तर तो गाडी जपतो, असा त्यामागील तर्क.

११/
मोटारीचा विमा प्रथम अवतरला तेव्हा तिच्याकडे घोडागाडीच्या चष्म्यातून पाहिले गेले. १८९८ साली बफेलो येथील डॉ. ट्रुमन मार्टिन यांनी पाच हजार डॉलरच्या दायित्वाचा विमा घेतला. रस्त्यावर मोटारी इतक्या विरळ होत्या की, मुख्य भीती घोडे बुजण्याची होती. पुढे भीतीची दिशा उलटली. मोटारीमुळे चिरडल्या जाणाऱ्या पादचाऱ्याचे काय, हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९२७पासून असा विमा सक्तीचा केला. ब्रिटनने १९३०च्या कायद्याने तेच केले. भारतात १९३९च्या मोटार वाहन कायद्यातील यासंबंधीचे प्रकरण १ जुलै १९४६पासून अमलात आले.

१२/
हा बदल मूलगामी होता. आजवर विमा वस्तूच्या मालकासाठी होता. आता तो रस्त्यावरील अनोळखी माणसासाठीही झाला. त्यालाच ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. मोटरहोमच्या बाबतीत याचा परिणाम ठळक दिसतो. बसच्या सांगाड्यावर बांधलेले अवजड मोटरहोम धडकले तर दुसऱ्याचे नुकसान मोठे. व्हॅनमध्ये बसवलेले छोटे घर त्या मानाने कमी घातक. मोटारीच्या मागे ओढायच्या ट्रेलरला तर स्वतःचे इंजिनच नाही. धावताना त्याचे दायित्व अमेरिकेत सहसा ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीत धरले जाते. त्यामुळे ट्रेलरचा हप्ता बहुधा मोटरहोमहून कमी असतो.

१३/
दरम्यान फिरत्या घरांचा प्रसार झपाट्याने झाला. १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही हौशी प्रवाशांची संघटना जन्मली. १९३१ साली वॉली बायम याने एअरस्ट्रीम कंपनी सुरू केली. १९६६पासून आयोवातील विनेबॅगो कंपनीने मोटरहोम्स मोठ्या प्रमाणावर बनवली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. सुट्टीतील वाहन हळूहळू काहींचे कायमचे घर बनले. घर बनले की भांडीकुंडी, कपडे, संगणक आत आले. पाहुणा पायरीवरून घसरला तर जबाबदारी कोणाची, हा घरमालकाचा प्रश्नही आत आला. म्हणून बारमाही राहणाऱ्याचा हप्ता चढा असतो. तो एकाच वेळी दोन विमे घेत असतो, एक चाकांचा आणि एक छपराचा.

१४/
याउलट हिवाळ्यात गाडी उभी करून ठेवणारा मालक रस्त्यावरील अपघाताचे संरक्षण तात्पुरते थांबवून केवळ चोरी, आग इत्यादींचे संरक्षण चालू ठेवू शकतो. जहाजांच्या विम्यातही ही प्रथा होती. जहाज बंदरात नांगरून राहिले तर हप्त्याचा काही भाग परत मिळे. कालाचा हिशोब तो हाच. भारतातही २०२२ साली विमा नियामकाने ‘जितके चालवाल तितके भरा’ या धर्तीच्या पूरक संरक्षणाला मुभा दिली.

१५/
देशाचे, म्हणजे स्थळाचे उदाहरण पुन्हा फ्लोरिडाचेच. ऑगस्ट १९९२मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला. दाव्यांच्या ओझ्याखाली अनेक विमा कंपन्या बुडाल्या. उरलेल्यांनी दर चढवले, वादळासाठी मालकाने सोसायची रक्कम वेगळी ठरवली आणि संगणकीय आपत्ती-प्रारूपांचा वापर वाढवला. मुंबईकरांना यासाठी २६ जुलै २००५ आठवणे पुरेसे आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. स्थळ आणि ऋतू एकत्र आले की सारे अंदाज कोलमडतात, हे त्या दिवशी घरोघरी समजले.

१६/
येथवर वस्तू, वाट आणि ऋतू यांचा विचार झाला. उरतो तो माणूस, आणि जुना झगडा येथेच पुन्हा पेटतो. १८८०च्या दशकात अमेरिकेतील काही आयुर्विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना तेवढ्याच हप्त्यात कमी रक्कम देत. आकडेवारी मृत्युदर दाखवत होती, त्यामागची गुलामगिरी व दारिद्र्य दाखवत नव्हती. १८८४ साली मॅसॅच्युसेट्सने या भेदभावावर कायद्याने बंदी घातली. मनुस्मृतीतील वर्णानुसार व्याजाचा दर वेगळ्या पोशाखात पुन्हा अवतरला होता. यावेळी त्याच्या हाती गणित होते, एवढाच फरक.

१७/
वाहनविम्यात हा वाद अधिक सूक्ष्म रूपात आला. नोव्हेंबर १९८८मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव १०३’ संमत केला. त्यानुसार हप्ता प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरावा : चालवण्याची पूर्वपीठिका, वर्षभरातील मैल आणि चालवण्याचा अनुभव. चालक राहतो कुठे, यापेक्षा तो चालवतो कसा हे मोठे ठरले. युरोपात १ मार्च २०११ रोजी न्यायालयाने स्त्री-पुरुष भेदावर आधारित दर अमान्य केले. २१ डिसेंबर २०१२पासून नव्या करारांना तो निकाल लागू झाला. कर्जफेडीच्या इतिहासावरून वाहनविम्याचा हप्ता ठरवण्याची प्रथा अमेरिकेतील अनेक राज्यांत चालते. कॅलिफोर्निया, हवाई व मॅसॅच्युसेट्स यांनी मात्र तिला मनाई केली आहे.

१८/
भारताने वेगळी वाट धरली. १ जानेवारी १९७३पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ संस्था चार कंपन्यांत विलीन झाल्या. दर केंद्रीय पद्धतीने ठरू लागले. २००२च्या दरपत्रकाने खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन विभाग केले. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात, बाकी सारा देश ‘ब’ विभागात. गाडीचे घोषित मूल्य वयानुसार उतरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. १ जानेवारी २००७पासून स्वतःच्या नुकसानीचे दर खुले झाले. थर्ड पार्टीचा दर मात्र आजही शासकीय अधिसूचनेने ठरतो. १ जून २०२२पासून १५०० सीसीवरील खासगी मोटारीसाठी तो ७,८९७ रुपये करण्यात आला.

१९/
या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट न्यायाच्या बाजूने उभी आहे, ती म्हणजे ‘नो क्लेम बोनस’. दावा न करता वर्ष गेले की नूतनीकरणावेळी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ती वाढत वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली तरी ती त्याच्याबरोबर नव्या गाडीकडे जाते. जन्म, जात, लिंग किंवा पत्ता यांच्याशी तिचा संबंध नाही. माणसाच्या सावधपणाला थेट मोबदला देणारी ही बहुधा सर्वांत स्वच्छ तरतूद असावी.

२०/
२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले आणि फिरत्या घराचा प्रश्न सह्याद्रीच्या घाटांपर्यंत येऊन पोहोचला. येथे सर्वांत मोलाचा प्रश्न वापराचा. स्वतःच्या कुटुंबासाठी घेतलेली खासगी पॉलिसी गाडी भाड्याने दिल्यावर उपयोगी पडत नाही, कारण भाड्याचा वापर तिच्या अटींतूनच वगळलेला असतो. काही हजार रुपये वाचवण्यासाठी वापर लपवला, तर अपघातानंतर कुटुंबाची बचत पणाला लागते. आतील सामानाचेही तसेच. साध्या मोटार पॉलिसीत ते धरलेले नसते. जहाजाच्या नोंदवहीतील खोटी श्रेणी जशी वादळात उघडी पडे, तशी अर्जातील खोटी माहिती दाव्याच्या दिवशी उघडी पडते.

२१/
पिअर्स-ॲरोच्या त्या गाडीपासून निघालेला प्रश्न असा अर्थशास्त्रापर्यंत मागे जातो आणि घाटातल्या कॅरॅव्हॅनपर्यंत पुढे येतो. गाडी कुठे फिरते, केव्हा व किती फिरते, तिचे व तिच्यातील वस्तूंचे मोल काय, हे विचारणे रास्तच आहे. त्यावाचून विमा उभाच राहू शकत नाही. पण माणूस कोण आहे, हा प्रश्न आला की थबकून पाहावे लागते. त्याने काय केले हे मोजले जात आहे, की तो कुठे आणि कोणाच्या पोटी जन्मला हे? विमा-अर्जातील प्रत्येक रकाना कधी ना कधी या प्रश्नाच्या कसोटीला उतरला आहे. काही रकाने त्या कसोटीत पुसले गेले. पुसले जाण्याजोगे आणखी किती शिल्लक आहेत, हे ठरवणे पुढच्या पिढीकडे आहे.

(समाप्त)